तीन किरणांची आकृती आणि ऊर्जेचा हिशेब

किरणोत्सारितेच्या धड्यातली एक आकृती आपणां सर्वांच्या हाताखालून अनेकदा गेली आहे. खाली शिशाचा ठोकळा, त्यात एक छिद्र, छिद्राच्या तळाशी किरणोत्सारी पदार्थाचा कण. वरच्या बाजूला दोन विद्युतभारित पट्ट्या किंवा चुंबकाचे ध्रुव. छिद्रातून तीन रेषा निघतात. एक डावीकडे वळते, एक उजवीकडे आणि तिसरी सरळ वर जाते. अल्फा, बीटा, गॅमा. परीक्षेत ही आकृती नावांसह काढली की गुण मिळतात. ती काढायला सोपी, तपासायला त्याहून सोपी.

या आकृतीबद्दल, आणि तिच्या आधाराने हा धडा ज्या पद्धतीने उभा केला जातो त्या पद्धतीबद्दल, आम्हांला काही सांगायचे आहे. एखाद्या विशिष्ट पाठ्यपुस्तकावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. ही आकृती देशोदेशीच्या शालेय पुस्तकांत आहे आणि गेल्या शंभर वर्षांहून अधिक काळ एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आली आहे. आकृतीत मापाची चूक आहेच. पण आमची मुख्य तक्रार वेगळी आहे. या धड्याने किरणोत्सारितेचे ऊर्जेशी असलेले नाते तोडून टाकले आहे. ऊर्जा अक्षय्य आहे हे आपण एका धड्यात शिकवतो. अणू आपोआप फुटतो आणि त्यातून वेगवान कण बाहेर पडतात हे दुसऱ्या धड्यात शिकवतो. दोन्ही धडे एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

ही तक्रार करताना आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्यापैकी एकाच्या वर्गात एका मुलीने विचारले होते, "सर, रेडियमला कोणी तापवत नाही, त्याच्यावर उजेड पडत नाही, मग त्याच्यातून ऊर्जा येते कुठून?" उत्तर दिले गेले, "अणूत खूप ऊर्जा असते." मुलगी खाली बसली. हे उत्तर म्हणजे तिचाच प्रश्न वाक्यरचना बदलून तिला परत करणे होते, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

आकृतीचे माप

प्रथम आकृतीच घेऊ. बहुतेक पुस्तकांत अल्फा आणि बीटा यांच्या रेषा दोन बाजूंना जवळजवळ सारख्याच वळलेल्या असतात. काही पुस्तकांत बीटाची रेषा थोडी अधिक वाकलेली असते, इतकेच. प्रत्यक्षात काय घडेल? अकरावी-बारावीच्या गणितात हे करून पाहता येते.

चुंबकीय क्षेत्रात भारित कण वर्तुळाच्या कंसात फिरतो आणि त्या वर्तुळाची त्रिज्या कणाचा संवेग भागिले भार व क्षेत्र यांचा गुणाकार एवढी असते. क्षेत्र ०.१ टेस्ला धरू. शाळेच्या प्रयोगशाळेतील चांगला चुंबक त्याच्या ध्रुवांजवळ एवढे क्षेत्र देऊ शकतो. अल्फा कणाची ऊर्जा ५० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ५ एमईव्ही धरू. उत्तर येते सुमारे ३.२ मीटर त्रिज्या. आता १ एमईव्ही ऊर्जेचा बीटा कण घेऊ. त्याची त्रिज्या येते सुमारे ५ सेंटिमीटर. एक वर्तुळ वर्गाच्या खोलीएवढे, दुसरे वाटीएवढे. दहा सेंटिमीटर अंतर कापताना अल्फा कण आपल्या मूळ रेषेपासून जेमतेम दीड मिलिमीटर सरकेल. तेवढ्यात बीटा कण अर्धवर्तुळ पूर्ण करून मागे वळलेला असेल.

पण अल्फा कण दहा सेंटिमीटर जाईलच कसा? ५ एमईव्हीचा अल्फा कण हवेत साधारण साडेतीन सेंटिमीटर जाऊन थांबतो. म्हणजे आकृतीतील सगळी जागा निर्वात नसेल, तर अल्फाची रेषा आकृतीच्या मध्येच संपायला हवी. 'निर्वात पात्र' हे शब्द अनेक आकृत्यांत नसतात.

पट्ट्यांची आकृती घेतली तर गंमत आणखी वाढते. हवेत, अल्फाच्या साडेतीन सेंटिमीटरच्या सबंध प्रवासात, त्याला फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकवायचे आहे असे समजू. त्यासाठी मीटरमागे सुमारे ८० लाख व्होल्ट एवढे विद्युत क्षेत्र लागेल. हवा मात्र मीटरमागे ३० लाख व्होल्टच्या आसपासच दगा देते आणि ठिणगी पडते. अल्फा वळण्याआधीच प्रयोग संपलेला असेल.

हे सर्व गणित म्हणजे छिद्रान्वेष आहे असे कोणी म्हणेल. आकृती ही समजण्यासाठी असते, मापासाठी नसते, हेही खरे. सूर्यमालेची आकृती आपण कधी मापात काढतो का? पण सूर्यमालेच्या आकृतीखाली आपण 'मापात नाही' असे लिहितो. येथे लिहीत नाही. आणि येथे माप गमावले की आशयही गमावतो. अल्फा कण वळवणे किती अवघड होते हे इतिहासच सांगतो. रदरफर्ड यांनी १८९९ मध्ये अल्फा आणि बीटा ही नावे दिली ती किरणे किती सहज शोषली जातात यावरून, वळण्यावरून नव्हे. बीटा किरण चुंबकाने वळतात हे लवकरच कळले. अल्फा किरण मात्र वळतच नाहीत अशी समजूत काही वर्षे होती. तीव्र क्षेत्र आणि अगदी अरुंद फटी वापरून रदरफर्ड यांनी १९०३ मध्ये ते वळतात हे दाखवले. आपल्या आकृतीत हा सारा झगडा एका सुबक वळणात विरघळून जातो. मुलांना वाटते, पट्ट्या लावल्या की किरण आपोआप तीन वाटांनी गेले.

मूळ आकृतीत काय होते?

या आकृतीचा एक पूर्वज मेरी क्यूरी यांच्या १९०३ सालच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात सापडतो. शिशाच्या ठोकळ्यातील रेडियम, आकृतीच्या पातळीला लंब असलेले चुंबकीय क्षेत्र, सरळ जाणारे गॅमा आणि एका बाजूला किंचित झुकलेले अल्फा हे सर्व तेथे आहे. बीटा मात्र दुसऱ्या बाजूला इतके वळलेले आहेत की ते परत खाली येऊन ठोकळ्याशेजारी ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर आदळतात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की बीटाची रेषा एक नाही. लहानमोठ्या त्रिज्यांचे अनेक कंस तेथे काढलेले आहेत.

नक्कल करणाऱ्यांनी अल्फाचे वळण वाढवले, बीटाचे कमी केले आणि बीटाचे अनेक कंस पुसून एकच ठेवला. आकृती सुटसुटीत झाली. पण पुसलेल्या त्या कंसांत विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाचे एक मोठे कोडे दडलेले होते. त्याकडे आपण पुढे येऊ.

ऊर्जा कुठून येते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. हा प्रश्न तिच्याआधी ज्यांनी विचारला त्यांत मेरी क्यूरी होत्या. उत्तर त्यांनाही लगेच मिळाले नव्हते. अवकाशात सर्वत्र काही अज्ञात किरण संचार करीत असावेत आणि युरेनियम, थोरियमसारखी जड मूलद्रव्ये ते शोषून घेत असावीत, ही शक्यता त्यांनी १८९८ मध्ये मांडली होती. ही कल्पना चुकीची ठरली. पण विचार सरळ होता. ऊर्जा शून्यातून येत नाही, तर मग ती बाहेरून येत असली पाहिजे.

१९०३ च्या मार्चमध्ये पिएर क्यूरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी रेडियमची उष्णता मोजली. रेडियम असलेला पदार्थ भोवतालच्या हवेपेक्षा सतत अधिक उष्ण राहतो असे त्यांना आढळले. हिशेब केला तेव्हा एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता देते असे निघाले. म्हणजे एक ग्रॅम रेडियम तासाभरात स्वतःच्या वजनाहून अधिक बर्फ वितळवू शकेल. एक ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला तर सुमारे ७,८०० कॅलरी मिळतात आणि खेळ संपतो. रेडियम तेवढी उष्णता सव्वातीन दिवसांत देऊन टाकते आणि पुढे चालूच राहते. त्याचे अर्धायुष्य १,६०० वर्षे आहे.

या मोजमापाला आमच्या मते शालेय धड्यात पहिले स्थान हवे. ते समजायला अणूची रचना माहीत असावी लागत नाही. तापमापी, बर्फ आणि कॅलरी मुलांना आधीच ठाऊक असतात. बहुतेक शालेय पुस्तकांत मात्र या मोजमापाचा उल्लेख नसतो.

आणि या आकड्यातून एक सुंदर गणित तयार होते. ते आम्ही येथे पूर्ण देतो, कारण वर्गात ते हमखास चर्चा घडवते.

एक ग्रॅम रेडियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात. प्रत्येक अणू फुटताना किती ऊर्जा मिळते? वस्तुमानांचा तक्ता घ्या. रेडियम-२२६ च्या अणूचे वस्तुमान २२६.०२५४ एकक. फुटल्यावर मिळणाऱ्या रेडॉन-२२२ चे २२२.०१७६ आणि हेलियमचे ४.००२६. दोघांची बेरीज २२६.०२०२. फरक ०.००५२ एकक. एका एककाला ९३१ एमईव्ही, म्हणून ऊर्जा सुमारे ४.८ एमईव्ही. आता दर सेकंदाला ३,७०० कोटी अणू, तासाला ३,६०० सेकंद, असे गुणून कॅलरीत रूपांतर केले की उत्तर येते तासाला सुमारे २५ कॅलरी.

क्यूरी आणि लाबोर्द यांनी मोजल्या १०० कॅलरी. हिशेब चौपटीने चुकला!

येथे थांबावे आणि मुलांना विचार करू द्यावा. चूक शोधताना मुले आधी गुणाकार तपासतात, मग प्रयोगावर संशय घेतात. उत्तर असे की बंद कुपीतील रेडियम एकटे नसते. त्यापासून झालेला रेडॉन तेथेच अडकून राहतो आणि तोही फुटतो. त्याची संतती पुढे फुटत जाते. या साखळीत रेडियमच्या अल्फा कणापाठोपाठ आणखी तीन अल्फा कण बाहेर पडतात, सुमारे ५.५, ६.० आणि ७.७ एमईव्हीचे. चौघांची बेरीज २४ एमईव्हीच्या घरात जाते आणि तासाला सुमारे १२० कॅलरी मिळतात. १९०३ सालच्या साधनांनी केलेले मोजमाप याच्या किती जवळ आहे! 'क्षय-शृंखला' हा शब्द पाठ करण्यापेक्षा हिशेबातील तुटीतून ती शृंखला शोधून काढणे मुलांच्या अधिक काळ लक्षात राहते.

वस्तुमानाच्या फरकाचा उल्लेख आला आहे, तेव्हा आणखी एका सवयीबद्दल. आइन्स्टाइन यांचे ई = एमसी वर्ग हे सूत्र शालेय पुस्तकात प्रकटते ते थेट अणुबाँब किंवा अणुभट्टीच्या परिच्छेदात. 'वस्तुमान नष्ट होऊन त्याचे ऊर्जेत रूपांतर होते' असे एक वाक्य आणि खाली सूत्र. यातून मुलांचा ठाम समज होतो की हे सूत्र फक्त अणुकेंद्रकासाठी आहे. वास्तविक एक किलोग्रॅम कार्बन जळून उष्णता बाहेर गेली की त्या पदार्थांचे एकूण वस्तुमानही सुमारे एक तृतीयांश मायक्रोग्रॅमने कमी होते. नियम तोच. फरक इतकाच की तो फरक कोणत्याही तराजूला कळत नाही. युरेनियमच्या विखंडनात मात्र वस्तुमानाच्या हजारात सुमारे एक भाग एवढा फरक पडतो. १९०५ मध्ये हा संबंध मांडताना आइन्स्टाइन यांनी स्वतःच सुचवले होते की रेडियमच्या क्षारांवर त्याची परीक्षा घेता येईल. म्हणजे सूत्राचे पहिले नाते रेडियमशी होते, बाँबशी नव्हे.

आणि 'रूपांतर होते' म्हणजे नेमके काय होते? विखंडनात ऊर्जा देणारा हात विद्युत प्रतिकर्षणाचा आहे. दोन्ही तुकड्यांवर धन भार, ते अगदी जवळ, त्यामुळे एकमेकांना जोराने दूर लोटतात. लिझ माइट्नर आणि ओटो फ्रिश यांनी १९३८ च्या नाताळात हाच हिशेब केला. प्रतिकर्षणातून सुमारे २०० एमईव्ही मिळायला हवे होते आणि वस्तुमानाच्या फरकातूनही तेवढेच निघाले. दोन वाटांनी एकच उत्तर आले, तेव्हा त्यांना खात्री पटली. आपल्या मुलांना सम भारांचे प्रतिकर्षण आठवीपासून माहीत असते. ते येथे वापरायचे सोडून आपण त्यांना एक सूत्र नमस्कारासाठी देतो.

बीटाच्या हिशेबातील तूट

आता पुसलेल्या कंसांकडे. एका जातीच्या अणुकेंद्रकातून निघणारे अल्फा कण ठरावीक ऊर्जेचे असतात. रेडियमने ४.८ एमईव्ही सोडले तर हिशेब तेथेच मिटतो. बीटाचे तसे नाही. एकाच जातीच्या अणूंतून निघणाऱ्या बीटा कणांत मंद कण असतात, वेगवान असतात आणि मधले सगळेही असतात. चुंबकीय क्षेत्रात म्हणूनच त्यांचे अनेक कंस दिसतात. चॅडविक यांनी १९१४ मध्ये ही ऊर्जा अखंड पसरलेली आहे असे दाखवले.

फुटण्यापूर्वीचे केंद्रक तेच, फुटल्यानंतरचेही तेच. मग मंद बीटा कणाची उरलेली ऊर्जा गेली कुठे? कदाचित सर्व कण सारख्याच ऊर्जेने निघत असतील आणि वाटेत पदार्थाला धडकून काहींची ऊर्जा कमी होत असेल. तसे असेल तर ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात त्याच पदार्थात सापडायला हवी. एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये बिस्मथ-२१० घेऊन उष्णता मोजली. या पदार्थाच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा १ एमईव्हीहून थोडी अधिक आहे. उष्णतामापीने मात्र दर अणूमागे फक्त सुमारे ०.३५ एमईव्ही दाखवले. बाकीची ऊर्जा भांड्यातून निघून गेली होती आणि कोणाला दिसली नव्हती.

हा प्रसंग इतका गंभीर होता की अणुपातळीवर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सोडून द्यावा का, असा विचार नील्स बोर यांच्यासारख्या वैज्ञानिकाने केला. पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रात दुसरी वाट सुचवली. एक भाररहित, सहज न सापडणारा कण बीटाबरोबर निघत असावा आणि उरलेली ऊर्जा तो घेऊन जात असावा. हाच पुढे न्यूट्रिनो म्हणून ओळखला गेला. प्रत्यक्षात तो पकडायला १९५६ साल उजाडले. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो प्रथम ज्या ठिकाणी आढळले त्यांत आपली कोलारची सोन्याची खाण होती. तेथे १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते.

माध्यमिक शाळेत न्यूट्रिनो शिकवा असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'ऊर्जा अक्षय्य असते' हे वाक्य मुलांच्या वहीत देववाक्यासारखे उतरते, त्याऐवजी तो एक कस लागलेला नियम आहे हे त्यांना कळले पाहिजे. तो एकदा खरोखर संकटात सापडला होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवून शोधले म्हणून एक नवा कण हाती आला. असा इतिहास हाताशी असताना बीटाची एकच रेषा काढून पुढे जाणे म्हणजे हातचे सोडणे होय.

भेदनशक्तीचा तक्ता

धड्यातील दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे भेदनशक्तीचा तक्ता. अल्फा कागदाने थांबतात, बीटा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने, गॅमा शिशाच्या जाड थराने. बाजूला आयनीभवनाचा रकाना असतो. अल्फाचे सर्वाधिक, गॅमाचे सर्वांत कमी. हे दोन रकाने एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे बहुधा सांगितले जात नाही.

हवेत आयनांची एक जोडी तयार करायला सरासरी सुमारे ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात. ५ एमईव्हीचा अल्फा कण थांबेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार जोड्या तयार करतो आणि तेही साडेतीन सेंटिमीटरांत. जो खिसा झपाट्याने रिकामा करतो तो लांब जाऊ शकत नाही. अल्फाची भेदनशक्ती कमी का, याचे उत्तर एवढेच. 'शक्ती' या शब्दामुळे मात्र अल्फा दुबळा आणि गॅमा बलवान अशी समजूत होते आणि त्यातून अल्फा निरुपद्रवी असा घातक निष्कर्ष निघतो. शरीराबाहेर असलेला अल्फा-उत्सर्जक त्वचेच्या मृत थरापलीकडे जात नाही हे खरे. तोच श्वासातून किंवा अन्नातून आत गेला तर आपली सगळी ऊर्जा काही पेशींच्या अंतरात ओततो. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली ब्रशाचे टोक ओठांनी सारखे करीत. त्यांच्यापैकी अनेकींच्या जबड्याची हाडे सडली आणि काहींचा मृत्यू झाला. तक्त्यात 'सर्वांत कमी भेदनशक्ती' लिहिलेले किरण ते हेच.

गॅमाबद्दलही तक्ता दिशाभूल करतो. शिसे गॅमाला 'थांबवत' नाही. १ एमईव्हीच्या गॅमा किरणांची संख्या सुमारे ९ मिलिमीटर शिशात निम्मी होते, आणखी ९ मिलिमीटरांत त्या निम्म्याची निम्मी. अर्धायुष्याचेच गणित, फक्त वर्षांऐवजी मिलिमीटर. दोन धड्यांऐवजी एकच कल्पना दोनदा वापरता येते, तीही आपण वापरत नाही.

येथे ऊर्जेच्या हिशेबाने मुलांना एक धक्का द्यावा. सर्व शरीराला सुमारे ४ ग्रे एवढी गॅमा मात्रा थोड्या वेळात मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे दगावतात. ४ ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे ४ ज्यूल. साठ किलोच्या माणसाला २४० ज्यूल. याने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेच वाढते. गरम चहाच्या एका घोटातून याच्या जवळजवळ चौपट ऊर्जा आपण रोज सकाळी घेतो! म्हणजे प्रश्न एकूण ऊर्जा किती याचा नाही. ती कशी आणि कुठे दिली जाते याचा आहे. चहाची ऊर्जा असंख्य रेणूंत वाटली जाते. किरणांची ऊर्जा एकेका रेणूवर मोठ्या गठ्ठ्याने पडते आणि पेशीतील डीएनएची साखळी तोडते. ऊर्जेच्या संक्रमणाचा इतका बोलका पाठ दुसऱ्या कोणत्या धड्यात मिळेल?

अर्धायुष्याबद्दल थोडेसे

अर्धायुष्याची व्याख्या बरोबर शिकवली जाते, पण तिचा अर्थ हुकतो. दोन अर्धायुष्यांत पदार्थ संपतो, असे उत्तर अनेक मुले देतात. त्याहून खोल गैरसमज असा की अणू म्हातारा होतो आणि मग फुटतो. पुस्तकातील गुळगुळीत वक्र हा समज दूर करत नाही.

उपाय घराघरांत आहे. शंभर चिंचोके फोडून दोनशे डाळी करा. खेळात टाकतो तशा त्या टाका. पांढरी बाजू वर आली त्या बाजूला काढा, उरलेल्या मोजा, पुन्हा टाका. आलेख काढा. वक्र दातेरी येईल, आणि डाळी कमी उरल्या की तो अधिकच वेडावाकडा होईल. कोणती डाळ केव्हा बाद होईल हे कोणी सांगू शकणार नाही. दहा वेळा वाचलेली डाळ अकराव्या वेळी 'थकलेली' नसते. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडेलच असे नाही, म्हणून 'अर्धायुष्य' किती फेकींचे, हे मुलांनाच आलेखावरून काढावे लागेल. प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येईल आणि ते का, यावर एक तास सहज जाईल. एक ग्रॅम रेडियमचा वक्र गुळगुळीत दिसतो तो तेथे अणूंची संख्या प्रचंड असल्यामुळे.

पुस्तकाची बाजू

पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. पाने मोजकी, विषय अनेक, आणि शाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळता येत नाही. जे प्रयोगाने दाखवता येत नाही ते विधानाने सांगावे लागते. तीन किरणांची आकृती टिकली ती त्यामुळेच, कारण तिने प्रयोगाची जागा भरून काढली. तिने निदान एक गोष्ट नीट सांगितली आहे. किरण तीन वेगळ्या जातींचे आहेत आणि त्यांपैकी दोन भारित आहेत. तेवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

परंतु आमच्या सूचनांना जादा पाने लागत नाहीत. आकृतीखाली 'निर्वातात, मापात नाही' हे शब्द घालावेत आणि बीटाच्या एका रेषेऐवजी चार कंस काढावेत. धड्याची सुरुवात नावांनी न करता १०० कॅलरींनी करावी. तक्त्यात 'भेदनशक्ती' या रकान्याशेजारी 'ऊर्जा किती अंतरात देतो' असा रकाना असावा. ई = एमसी वर्ग हे सूत्र बाँबच्या परिच्छेदातून उचलून रेडियमच्या उदाहरणात ठेवावे. पुस्तक बदलेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. हे सारे खडूफळ्यावर होण्यासारखे आहे. परीक्षेत आकृती विचारतील तेव्हा मुलांनी ती पुस्तकातल्यासारखीच काढावी. गुणांचा प्रश्न आम्हांलाही कळतो. पण आकृतीत काय गाळले आहे हे त्यांना माहीत असावे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ : रेडियमचे केंद्रक ज्या रचनेत आहे त्याहून कमी ऊर्जेची एक रचना त्याला उपलब्ध आहे. तो तेथे पोहोचतो तेव्हा मधला फरक अल्फा कणाच्या गतीत जातो, गती धडकांतून भोवतालच्या अणूंत वाटली जाते आणि शेवटी तापमापीतील पारा किंचित वर चढतो. बाहेरून काहीही आलेले नसते. तराजूतही तोच फरक आहे आणि तापमापीतही तोच. हे सांगायला दहा मिनिटे लागतात. त्या दिवशी ती आमच्याकडे होती, आणि आम्ही ती दिली नाहीत.